सुक्या मासळीचं भारी नाव

करामा, दुबई
१२ सप्टेंबर

निनाद,

छत्री विसरायचास, डबा विसरायचास, एकदा तर पायातली एक चप्पल शाळेत विसरून लंगडत घरी आलास. पण चप्पल आणायला परत तरी गेलास. आजीला विसरलास तो विसरलासच. ओळख पटावी म्हणून सांगते: मी गुणवंतची आई, अलिबागची, तुला पाचवीपर्यंत सांभाळलेली. आता तू हाँगकाँगला, आणि मी तुझ्या आईबापाकडे दुबईत, अशा घरात जिथल्या खिडक्या एसीपायी कधी उघडत नाहीत.

हे पत्र समोरच्या फ्लॅटमधली खतीजा लिहितेय. रत्नागिरीची आहे, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. अक्षर सुंदर आहे असं तीच म्हणते. मला काय, कागदावर मुंग्या चालल्या काय नि अक्षरं चालली काय. लिहून झालं की ती फोटो काढून तिच्या फोनवरून तुला पाठवेल. आमच्या घरातले सगळे नंबर तू बंद केलेस, तिचा करायला विसरलास. बघ, तुझ्या विसरण्याचा उपयोगही होतो.

नुसतं बोलून पाठवलं असतं, पण माझं बोलणं तू अर्धं ऐकतोस आणि पुढे ढकलतोस. लिहिलेलं मात्र शेवटपर्यंत वाचतोस. लहानपणी माझ्या औषधाच्या बाटलीवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचास, अगदी 'लहान मुलांपासून दूर ठेवा' सुद्धा.

खतीजा विचारते, "आजी, तुम्ही पानी म्हणता, मी पाणी लिहू ना?" म्हटलं, लिही बाई. माझं बोलणं सुधारायची या इमारतीत सगळ्यांनाच हौस.

तर मुद्दा. तुझे सासरे गेले. भेट कधी झाली नव्हती, तरी मला वाईट वाटलं. मग आठवडाभराने तुझ्या बापाने तुझ्या सासूला दुखवट्याचा व्हिडिओ फोन केला, आणि त्या दिवसापासून तू आमच्याशी बोलत नाहीस. तुझी आई, शोभना, भांडी घासताना रडते आणि नळ सोडून ठेवते, म्हणजे मला ऐकू येऊ नये. आणि गुणवंत येईल त्याला सांगतो, "मी सहा महिने त्यांची कॅन्टोनीज शिकलो, ऑनलाइन, ऑफिस सांभाळून. आणि ती बाई माझं बोलणं संपतं न संपतं तोच तरातरा उठून गेली. साधे मॅनर्स नाहीत."

मी तिथेच सोफ्यावर होते. पाहिलं ते सांगते. कंबरेच्या वर सूट, टाय, अत्तर. कंबरेच्या खाली अर्धी चड्डी. लॅपटॉप कुकरच्या खोक्यावर. आदल्या दिवशी मी बोंबील भाजले होते, त्याचा वास राहिलाय म्हणून घरभर बखूर जाळला, तो इथल्या अरबांचा धूप. फोनमधून हाँगकाँगपर्यंत वास जातो असं त्याला वाटत असावं. आणि मग सुरू झाला. कुणी मोठं माणूस गेल्यावर रेडिओवर बातमी द्यायचे ना, तसला आवाज. शी! मला शब्द कळत नव्हते, पण हा समोरच्या बाईशी बोलत नाहीये, हा वाचतोय, एवढं कळत होतं. समोर ती बिचारी घरातल्या कपड्यांत, केस न विंचरलेले, हात मांडीवर.

त्या कोर्समध्ये म्हणे दोन रांगा असतात. डावीकडे भारी शब्द, पुस्तकातले, बातम्यांतले. उजवीकडे रोजचे, घरातले, बाजारातले. तुझ्या बापाने उजवी रांग उघडलीच नाही. मी विचारलं, "का रे?" तर म्हणे, "आई, आपल्याला काय तिथे भाजी घ्यायचीय? व्याह्यांशी बोलायचंय. रिस्पेक्ट दिसला पाहिजे."

दिसतोय हो रिस्पेक्ट. तुझ्या लेकीला, मैथिलीला सांगत होता, मला 'चौ-फू' म्हण. पोरगी आईच्या मागे लपली. कायान मला नंतर सांगत होती, त्यांच्या घरात आजोबांना 'ये-ये' म्हणतात, चौ-फू फक्त कागदावर. म्हणजे आपल्याकडे नातीने आजोबाच्या मांडीवर बसून त्याला 'पितामह' म्हणावं, तसं. (तुझी बायको मला हे कधी सांगत होती, ते विचारू नकोस.)

अरे, आपल्यात कुणी गेलं तर आपण त्या बाईच्या शेजारी टेकतो आणि म्हणतो, "गेले गं." एवढंच. 'आपल्या यजमानांचं दुःखद निधन झालं' असं तिच्या तोंडावर कुणी म्हणतं का? तो वर्तमानपत्रातला शब्द. माझ्यासारखीला तो वाचतासुद्धा येत नाही, म्हणून मला त्याची भीतीही नाही, फक्त किळस आहे.

पण हे सगळं झालं तुझ्या बापाचं. तू काय केलंस? डिसेंबरात तुम्ही येणार होतात. तू, कायान, मैथिली, तुझी सासूसुद्धा. तिकिटं रद्द केलीस म्हणे. माझे गुडघे मला विमानात चढवत नाहीत, नाहीतर मी कुणाची वाट बघितली नसती. पोरगी चार वर्षांची होईल आणि मी तिला अजून हात लावलेला नाही. बापावर राग धर, धरण्यासारखाच आहे. पण पोरीला घेऊन ये.

तुझी आजी

खाली निळा डाग दिसेल, तो माझा अंगठा.


२८ सप्टेंबर

निनाद,

उत्तर आलं. चार ओळी, त्याही इंग्रजीत. खतीजाला दोनदा वाचायला लावल्या, म्हटलं मराठी कुठेतरी खाली लपली असेल.

तू लिहितोस, अर्शने तुला तो व्हिडिओ पाठवला. म्हणजे पोचला. दुबईतल्या तुझ्या शाळेतल्या मित्राला एवढी कसली घाई होती कोण जाणे. मला आशा होती की तो समुद्र ओलांडणार नाही, म्हणून मागच्या पत्रात मी त्याचं नाव काढलं नाही. खोटं बोलले नाही. बोलले नाही, इतकंच.

हो, गुणवंतने तो फोन शोभनाकडून दुसऱ्या मोबाइलवर काढून घेतला. हो, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. शोभना मोबाइल धरून उभी होती आणि तिचा हात हलत होता, म्हणून तो तिला खुणेने ओरडत होता, एकीकडे मेलेल्या माणसाबद्दल बोलता बोलता. मग लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. दुखवट्याला टाळ्या! एका गृहस्थांनी लिहिलं, "गुणवंतराव, व्हॉट अ गेश्चर." एका बाईला ते दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर हवं होतं. दोन घास खाल्ले नि ताट सारलं.

सगळ्यात किळस आली ती खालच्या मजकुराची. त्याने भाषणाचा मराठी अर्थही टाकला होता, लोकांना कळावं म्हणून. खतीजाने तो शोभनाच्या फोनवरून मला वाचून दाखवला: 'सागरी उत्पादनांच्या क्षेत्रातील एक प्रथितयश उद्योजक आपल्यातून निघून गेले.'

"कोण गेलं म्हणे?" मी विचारलं.

"निनादचे सासरे, आजी."

"आणि हे सागरी काय?"

"म्हणजे... सुकी मासळी."

शी शी शी! त्या माणसाने जन्मभर मासे चिरले, मिठात घातले, उन्हात टांगले, दुकानात बसून विकले. त्याची बायको त्याच्या शेजारी बसून विकत होती. मासळीने बोटांना भेगा पडतात, त्या मी तिच्या हाताला त्या दिवशी फोनवर पाहिल्या, कारण तसल्या मलाही आहेत. आणि माणूस गेल्यावर तुझ्या बापाने त्याच्या हाताचा वास तेवढा धुऊन काढला.

तुझ्या लग्नाच्या वेळी ऑफिसात ऑडिट आहे म्हणून तो आला नाही. ऑडिट नव्हतं. तुझा सासरा खारा मासा विकतो हे कळलं, त्या दिवशी त्याचं जे तोंड झालं, ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं. त्याच्या शाळेच्या फाटकाशी, मी टोपली घेऊन उभी होते तेव्हा. इथे मंडळात माझी ओळख कशी करून देतो ठाऊक आहे? "आईचा अलिबागला गृहउद्योग होता." गृहउद्योग! मी रस्त्यावर पोतं टाकून बोंबील, सुकट, मांदेली विकली, त्यावर तो इंजिनीअर झाला. गृहात मी होते कधी?

जेवताना मी त्याला विचारलं, "गुणवंता, 'सुकी मासळी' या शब्दाला काय झालं रे?"

"आई, काँटेक्स्ट असतो. कंडोलन्समध्ये कुणी मासळी लिहितं का?"

"मासळीवाला मेला तर लिहितं."

"प्रोटोकॉल असतो, आई. प्लीज. खलास."

शोभना म्हणाली, "अहो, आमटी वाढू?" बिचारीची सगळी भांडणं आमटीत बुडतात.

तू लिहितोस, बाबांनी माफी मागितल्याशिवाय कुणी येणार नाही. बरोबर आहे तुझं. पण मी त्याला माफी माग म्हटलं तर काय करेल? डाव्या रांगेतला माफीनामा पाठ करेल. पुन्हा सूट, पुन्हा बखूर, पुन्हा तो आवाज. ती माफी हवी का तुला? मला तर ती ऐकवणार नाही, आणि तुझ्या सासूवर दुसऱ्यांदा ती वेळ आणणं म्हणजे पाप आहे.

दुसरं काही सुचत असेल तर लिही. मराठीत.

तुझी आजी


१७ ऑक्टोबर

निनाद,

आज एक गोष्ट कबूल करते, ओरडू नकोस. कायान आणि मी बोलतो. दुपारी. तू ऑफिसात, गुणवंत ऑफिसात, शोभना पडलेली असते, तेव्हा शोभनाच्या फोनवरून. शोभनाचा नंबर तू बंद केलास, तुझ्या बायकोने नाही केला. हे मैथिली झाली तेव्हापासून चाललंय. माझी कॅन्टोनीज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पडलेली नाही: मीठ, मासा, गरम, पुरे, झोपली का. तिची मराठीही तेवढीच. फोन उचलला की ती आधी विचारते, "सिक-चो-फान-मेइ?" म्हणजे, जेवलात का? इतक्या लांबची माणसं, आणि पहिला प्रश्न आपलाच. मैथिली मला 'थाय-मा' म्हणते, पणजीला म्हणतात तसं, आणि नाक पडद्याला लावते. मला तिच्या नाकाची भोकं पाठ झालीत.

अवघड काही असलं की खतीजा मध्ये बसते आणि इंग्रजीतून सांगते. तशी ती परवा बसली. मी कायानला सरळ विचारलं, तुझी आई उठून का गेली? त्या भाषणामुळे ना?

कायान म्हणाली, नाही. भाषण तर आईला अर्धं कळलंच नाही. तिने हळूच विचारलंही होतं, टीव्ही लागलाय का? पण परका माणूस आपली भाषा बोलायचा प्रयत्न करतोय म्हणून ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. सागरी का काय तेसुद्धा तिने गिळलं. ती उठली ती शेवटच्या शब्दाला. फोन ठेवताना तुझा बाप म्हणाला, "चोय-गीन." म्हणजे, पुन्हा भेटू.

दुःखाच्या घरी तो शब्द काढत नाहीत, निनाद. हे तू मला का नाही सांगितलंस? रागाच्या भरात विसरलास का तुलाही माहीत नव्हतं? त्यांच्यात अशा घरून माणूस काही न बोलता उठून जातो. पुन्हा भेटायचं म्हणजे पुन्हा असंच काही व्हायला हवं. तुझी सासू आत गेली आणि पपनसाची पानं घातलेल्या पाण्याने तिने तोंड धुतलं, अशुभ धुऊन जावं म्हणून. मग लेकीला म्हणाली, "त्याला या घरातलं आणखी कुणी हवंय का?"

खतीजाने हे मला मराठीत सांगितलं आणि चहाचे कप उचलून धुवायला गेली.

संध्याकाळी गुणवंत आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. मी म्हटलं, "फोन ठेवताना त्या बाईला काय म्हणालास रे?"

"चोय-गीन. गुडबाय. लेसन वनमधला शब्द आहे, आई. आता त्यात पण चूक काढणार?"

"अर्थ काय त्याचा?"

"पुन्हा भेटू."

"बरं. आपल्या शेजारचे अण्णा गेले तेव्हा तू कॉलेजात होतास. माझ्याबरोबर आला होतास भेटायला. निघताना काय म्हणालास?"

"काही नाही. दुःखाच्या घरून निघताना कुणी 'येतो' म्हणतं का?"

एवढं बोलला आणि थांबला. घास हातात तसाच. शोभना आमटीची वाटी घेऊन उभी होती, तिनेही विचारलं नाही वाढू का म्हणून.

"आई," तो म्हणाला, "मी त्यांना 'येतो' म्हणालो?"

मी त्याला भात वाढला.

"कोर्समध्ये कुठेच लिहिलेलं नाही हे. सर काही बोलले नाहीत."

"अण्णांकडे जाताना तुला कुठला सर होता?"

हात धुऊन तो बाल्कनीत गेला. इथे अजून उकडतंय, बाल्कनीत कुणी उभं राहत नाही. तो राहिला. आत आला तेव्हा त्याने ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला. लोकांनी विचारलं, का काढला, मस्त होता की. तर तो ग्रुपमधूनच बाहेर पडला. तुझा बाप! मंडळाचा माजी सेक्रेटरी!

आता तुला वाटेल, आजीने पोराला सुधारलं. कसलं काय. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून पुन्हा तोच रेडिओ. क्षमायाचनेचा धडा. साबण लावता लावता. मी दार बडवलं. म्हटलं, "ते बंद कर, नाहीतर मी अलिबागला जाते." तो फेसाच्या आतून म्हणाला, "मग बोलू काय, आई? काय बोलतात?" मी पोहे करायला गेले.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. त्याला एकदा तुझ्या सासूसमोर बसू दे. कायानने आईला विचारलंय, ती हो म्हणतेय, पण तुझ्या परवानगीशिवाय कायान फोन लावणार नाही म्हणते. सून म्हणून ती तुझ्यापेक्षा शहाणी. तू हो म्हण आणि दुसऱ्या खोलीत जा. तो तोंडघशी पडला तर पडू दे. मग तुझं काय ते कायमचं ठरव, मी पुन्हा पत्र घालणार नाही आणि मैथिलीची नाकाची भोकं बघून दिवस काढीन.

तुझी आजी


८ नोव्हेंबर

निनाद,

दुसऱ्या खोलीत गेलास, पण दार अर्धं उघडं ठेवून ऐकत होतास असं कायान म्हणते. कान लांब करायची सवय जुनीच तुझी. तरी तुला या बाजूचं दिसलं नसणार, म्हणून सांगते.

सूट नव्हता. मी बनियनवरच बस म्हणत होते, शोभना म्हणाली, "काहीतरीच काय आई, विहीणबाई आहेत," आणि तिने त्याला चौकटीचा शर्ट घातला. मी त्याला बजावलं होतं, आधी विचार, जेवलात का. पुढचं आपोआप येईल. आपोआप काय यायचं, तो पहिलं वाक्यच विसरला. घामाघूम. एसी चालू असून. समोर तुझी सासू घडवंचीवर बसलेली, खाऱ्या माशांच्या डोक्यांना कागद गुंडाळून सुतळीने बांधत होती. तिनेही काही विचारलं नाही. ती बांधत राहिली, हा बघत राहिला. मला वाटलं, संपलं. आता हा उठणार आणि घरभर बखूर जाळणार.

आणि मग तो म्हणाला, "ओ आ-मा माय हाम-यू."

आ-मा मला येतं, हाम-यू मला येतं. मधलं येत नाही, पण मधलं काय असणार? माझी आई खारा मासा विकते.

मी त्याला हे सांगायला सांगितलं नव्हतं. मनातसुद्धा आलं नव्हतं माझ्या. शोभना नंतर म्हणाली, तो आठवडाभर गाडीत बसून कोर्सची उजवी रांग ऐकत होता, बाजाराचा धडा. खाली पार्किंगमध्ये, एसी लावून, एकटा. आम्हाला वाटलं ऑफिसचा कॉल आहे.

(आजी इथे चहा टाकायला उठल्या, चहा आत्ताच झाला होता. हे मी माझ्या मनाने लिहितेय. — खतीजा)

हे तिने वाचून दाखवलं, म्हटलं ते खोड. खोडत नाही. चावट आहे.

तुझ्या सासूचे हात थांबले. तिने मान वर केली आणि लांबलचक काहीतरी विचारलं. त्यातलं त्याला अक्षर कळलं नाही. सहा महिन्यांची शिकवणी तिथे संपली. त्याने मागे वळून हाक मारली, "आई! आई, ये ना इकडे!" अशी की खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. लोकांसमोर त्याने मला अशी हाक कधी मारली होती, मला आठवत नाही.

मी बाल्कनीतली बरणी घेऊन गेले, जी शोभना साबणाच्या खोक्यामागे लपवते. बोंबील काढून तिच्यासमोर धरला. म्हटलं, "हाम-यू." तिने पुढे वाकून निरखलं आणि मान हलवली. नाही म्हणे, हा हाम-यू नाही. याला मीठ कुठेय? मी म्हटलं, मीठ कशाला, नुसत्या वाऱ्यावर वाळतो हा, काठीवर, तोंडात तोंड अडकवून. हे मराठीत बोलले, हात करून. ती तिच्या भाषेत बोलली, हात करून. तिने स्वतःचा मासा उचलून दाखवला, केवढा थोरला, डोक्याला कागद बांधलेला. मी म्हटलं, एवढ्या मिठात माशाची चव काय राहणार? कायान मागे हसून हसून वेडी झाली, तिने ते आईला सांगितलंसुद्धा असेल. मधे तुझा बाप माझ्या बोंबलाची शेपटी चिमटीत धरून उभा, इंजिनीअर.

मग तुझी सासू हसता हसता थांबली. नवऱ्याचं काहीतरी आठवलं असणार, हातात त्याचाच मासा होता. आम्ही पण थांबलो. तशीच बसलो, इकडे आम्ही तिघं, तिकडे ती आणि कायान. बऱ्याच वेळाने ती उठली आणि आत गेली. काही न बोलता. गुणवंतने माझ्याकडे पाहिलं. तोही उठला, आणि काही न बोलता त्याने लॅपटॉप मिटला.

माफी त्याने मागितली नाही. तुला ती हवी होती. मलाही वाटलं होतं मागेल. आता हे त्यात धरायचं की नाही, तू ठरव. मी त्याची आई, त्याची बाजू घ्यायला मोकळी आहे.

तुझ्या सासूने मात्र ठरवलंय. कायानने काल सांगितलं. दुखवट्याचे दिवस सरले की जानेवारीत ती येणार, मैथिलीला घेऊन. कायानही येणार. तुला विचारलेलं नाही, आणि विचारायचंही नाही असं तुझ्या सासूचं म्हणणं आहे; रुसलेल्या माणसाला विचारलं की तो आणखी रुसतो म्हणे. मला ती बाई फार आवडली.

तुझ्या बापाने नवीन गादी आणलीय आणि दोनदा बदललीय. उजव्या रांगेतले शब्द आता माझ्यासमोर म्हणून दाखवतो, ते उच्चार ऐकून अजून किळस येते. बखूर अजून जाळतो. बरणी मात्र बाल्कनीतून आत आलीय, ओट्यावर आहे, शोभनाने आणली की त्याने, कुणी कबूल करत नाही.

आता काय पाठवायचं ते सांगते, कारण तू विचारणार नाहीस. तुझ्या सासऱ्यांच्या हातचे थोडे मासे दुकानात टांगलेले आहेत, ते विकायचे नाहीत असं तिने ठरवलंय. त्यातला एक मला हवा. विकत नव्हे, मागून. तू आणलास तर तुझ्या हातून घेईन, नाही आलास तर कायानच्या बॅगेत घाल. विमानासाठी पाहिजे तितक्या पिशव्यांत गुंडाळ, पण डोकं कापू नकोस. बिनडोक्याचा मासा मी कधी विकला नाही, खाणारही नाही.